‘युद्ध नको’ म्हणणाऱ्याच्या पाठीशी कायदा कुठवर उभा राहतो?

जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर एक याचिका आली. गाझातल्या युद्धाविरोधात आझाद मैदानावर सभा घ्यायची होती, पोलिसांनी जूनमध्ये परवानगी नाकारली, म्हणून मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष कोर्टात गेला. कोर्टाने याचिका फेटाळली. वर सुनावलं की हजारो मैलांवरच्या युद्धापेक्षा आपल्याकडचा कचरा, प्रदूषण, गटारं यांकडे बघा. हे शब्द दोन दिवस गाजले. कुणाला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, कुणाला संताप आला.

याचिका अडली त्याचं एक कारण मात्र फार कमी लोकांनी वाचलं. पोलिसांकडे परवानगीचा अर्ज केला होता एका शांतता संघटनेने आणि कोर्टात आला होता राजकीय पक्ष. ज्याचा अर्ज नाकारला तो समोर नाही, मग तुम्ही कोणत्या नात्याने आलात, हा प्रश्न आला. पुढच्याच महिन्यात मात्र परवानगी मिळाली. मैदान तेच, विषय तोच, युद्धही तेच.

माझ्या मते या प्रकरणातली शिकण्यासारखी गोष्ट हीच आहे. शांततेने युद्धाला विरोध करणाऱ्याला वाचवतात ते आधी नीट जमवलेले कागद. वकिलाचं भाषण त्यानंतर येतं. हे कागद कोणते आणि ते कुठे कामी येतात, ते पायरीपायरीने पाहू.

परक्यांचं युद्ध, तुमचा काय संबंध?

राज्यघटनेचा अनुच्छेद १९ नागरिकाला बोलण्याचं स्वातंत्र्य देतो आणि शांततेने, शस्त्राशिवाय एकत्र जमण्याचंही. विषय फक्त आपल्या वॉर्डातला असावा, अशी अट त्यात कुठेही नाही. दोन्ही स्वातंत्र्यांवर ‘वाजवी निर्बंध’ घालता येतात, पण त्यासाठी कायदा असावा लागतो आणि कारण घटनेने दिलेल्या यादीतलं असावं लागतं.

बोलण्यावरच्या निर्बंधांची यादी लांब आहे. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने तिच्यात ‘परकीय देशांशी मैत्रीचे संबंध’ हे कारण घातलं. जमण्यावरच्या निर्बंधांची यादी आखूड आहे: देशाची सार्वभौमता व एकात्मता आणि सार्वजनिक सुव्यवस्था. परराष्ट्र संबंध तिथे नाहीत. म्हणून ‘परराष्ट्र धोरणाला बाधा येईल’ एवढ्या एका ओळीवर सभाच नाकारली, तर हे कारण घटनेच्या यादीत कुठे आहे, असं विचारता येतं. हा युक्तिवाद आहे, हमी नव्हे. न्यायाधीश म्हणू शकतात की सभा म्हणजे भाषणंच. मग पोलिसांना निदान एवढं तरी दाखवावं लागेल की कोणत्या कायद्याखाली, कोणत्या माहितीच्या आधारावर त्यांना तसं वाटलं.

घटनेचा अनुच्छेद ५१ राज्याला आंतरराष्ट्रीय शांतता वाढवण्याचा प्रयत्न करायला सांगतो. ते मार्गदर्शक तत्त्व आहे, त्याच्या जोरावर कोर्टातून हुकूम आणता येत नाही. पण युद्धाला विरोध करणारा काही भलतंच मागतोय, असा सूर लागला की वकील हे पान उघडून दाखवतात.

हक्क आहे, तर परवानगी कशाला?

सार्वजनिक गणपतीच्या मंडपाचं उदाहरण घ्या. रस्त्यात मंडप घालायचा तर महापालिकेची परवानगी लागते. उंची किती, रुंदी किती, ॲम्ब्युलन्सला वाट किती सोडायची, हे पालिका ठरवते. गणपती बसवायचा की नाही, हे ती ठरवत नाही. सभा-मोर्च्यांचं सूत्र साधारण असंच आहे. अहमदाबादच्या पोलीस आयुक्तांविरुद्ध हिम्मतलाल शहा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९७२ मध्ये सांगितलं की सार्वजनिक रस्त्यावरच्या सभांचं नियमन करता येतं, पण मनाला येईल तशी परवानगी नाकारण्याचा मोकळा अधिकार पोलिसांना देणारा नियम टिकणार नाही.

नियमन म्हणता म्हणता जागा किती आक्रसते, हे मुंबईकराला वेगळं सांगायला नको. ज्या शहरात फ्लोरा फाउंटनला संयुक्त महाराष्ट्रासाठी माणसं रस्त्यावर उतरली, तिथे आज दक्षिण मुंबईतल्या निदर्शनाची जागा म्हणजे आझाद मैदानाचा एक राखून ठेवलेला भाग. २०२५ च्या नियमांनी वेळ आणि संख्या यांवरही मर्यादा आहेत. मराठा आरक्षण आंदोलनाला त्या वर्षी ऑगस्टमध्ये सुरुवातीची परवानगी मिळाली ती एक दिवस, ५,००० माणसं, सकाळी ९ ते संध्याकाळी ६ अशी. युद्धविरोधी सभेला पन्नास माणसं जमली तरी आयोजक खूश असतात, त्यामुळे संख्येची अट त्यांना सहसा नडत नाही. नडते ती जागेची. ज्या वकिलातीला किंवा कंपनीला तुमचं म्हणणं ऐकवायचं, ती मैदानापासून लांब असते.

यावर कोर्टांचा कल मिश्र आहे. दिल्लीच्या जंतरमंतरवरची सरसकट बंदी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केली नाही, समतोल साधणारे नियम करायला सांगितलं. २०२० मध्ये शाहीनबागच्या निकालात त्याच न्यायालयाने म्हटलं की रस्ता अनिश्चित काळ अडवता येणार नाही, निदर्शनं नेमून दिलेल्या जागी व्हावीत. निदर्शकांचा वकील पहिला निकाल घेऊन उभा राहतो, सरकारी वकील दुसरा.

पोच नसेल तर अर्ज केलाच नाही असं समजा

पोलीस ठाण्यात अर्ज देताना घडतं ते साधारण असं. “साहेब, अर्ज आहे.” “ठेवून जा, वरिष्ठांशी बोलून कळवतो.” मग फोन येतो, “या वेळी नको, पुढच्या महिन्यात बघू.” लेखी काहीच नाही. सभा न होता संपते आणि कोर्टात आव्हान द्यायला हातात काही उरत नाही, कारण नकाराचा आदेशच नसतो.

म्हणून अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यायचा. कोणी देत नसेल तर अर्ज ईमेलने आणि स्पीड पोस्टने पाठवायचा. अर्जात दिवस, वेळ, अंदाजे संख्या, ध्वनिक्षेपक लागणार का, जबाबदार व्यक्ती कोण, हे सगळं. अर्जदाराचं नाव जे, तेच उद्या याचिकाकर्त्याचं नाव असलं पाहिजे. चार संघटना मिळून सभा घेणार असतील तर चौघांच्या सह्या घ्या. जुलै २०२५ चा अडथळा एवढ्यानेच टळला असता. आणि अर्ज पुरेसा आधी द्या. आदल्या दिवशी अर्ज देऊन नकार आला की कोर्ट गाठायला वेळच राहत नाही, आणि तुम्हीच उशीर केला असं ऐकून घ्यावं लागतं.

नकार लेखी आला की त्यातलं कारण वाचा. ‘कायदा व सुव्यवस्था’ एवढेच तीन शब्द असतील तर ते तुमच्या पथ्यावर पडतं. उच्च न्यायालयात अनुच्छेद २२६ खाली रिट याचिका करता येते, म्हणजे सरकारी अधिकाऱ्याचा आदेश तपासून बघा अशी थेट विनंती. आधी झालेल्या शांत सभांचे फोटो आणि परवानग्या सोबत जोडल्या तर ‘गडबड होईल’ या भीतीला उत्तर तयार असतं.

जमावबंदी लागू आहे असं सांगितलं तर?

मुंबईत जमावबंदी बहुतेक वेळा महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(३) खाली लागते. आदेश पंधरा दिवसांपर्यंतचा असतो, त्यापुढे राज्य सरकारची मंजुरी लागते. शहरात असे आदेश इतक्या नेमाने निघतात की एक संपला की दुसरा. दुसरा मार्ग म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेचं जुनं कलम १४४, जे १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३ झालं.

ही कलमं घटनाबाह्य नाहीत. नागपुरातल्या गिरणी कामगारांच्या संघर्षातून आलेल्या बाबुलाल पराते खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्येच कलम १४४ वैध ठरवलं. पण आदेश काढणाऱ्याने परिस्थिती खरोखर तपासली का, हे कोर्ट बघू शकतं. फेब्रुवारी २०२० मधलं माजलगावचं प्रकरण मला यासाठी फार महत्त्वाचं वाटतं. नागरिकत्व दुरुस्ती कायद्याविरुद्ध काही लोकांना शांततेने बसायचं होतं, बीड प्रशासनाच्या कलम ३७ च्या आदेशामुळे ते अडले. औरंगाबाद खंडपीठाने म्हटलं की आदेश वरवर सगळ्यांसाठी दिसत असला तरी त्याचा रोख याच लोकांवर आहे. तो रद्द झाला. एका कायद्याला विरोध केला म्हणून कुणाला देशद्रोही म्हणता येत नाही, असंही खंडपीठाने लिहिलं.

आदेश मोडला म्हणून गुन्हा दाखल झाला, तर? भारतीय न्याय संहितेचं कलम २२३, म्हणजे जुन्या दंड संहितेचं १८८, लावतात. इथे एक बारीक पण मजबूत तरतूद आहे. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम २१५ सांगतं की अशा गुन्ह्याची दखल कोर्टाने घ्यायची तर ज्याचा आदेश मोडला त्या अधिकाऱ्याने, किंवा त्याच्या वरिष्ठाने, स्वतः कोर्टात लेखी तक्रार द्यायला हवी. ठाण्याने नेहमीसारखं आरोपपत्र पाठवून भागत नाही. जुन्या कायद्यातही हीच अट होती आणि निदर्शकांवरची कितीतरी प्रकरणं तिच्यावरच पडली आहेत. ऐकायला तांत्रिक पळवाट वाटते. पण अट घालण्यामागे हेतू आहे: आदेश मोडल्याने खरंच काही बिघडलं का, याचा विचार जबाबदार अधिकाऱ्याने करावा.

एकटं उभं राहिलं तर? बेकायदा जमावाला निदान पाच माणसं लागतात. एकट्याने फलक धरला, काळी फीत लावली, तर जमावाचं कलम बसत नाही. अमेरिकेत व्हिएतनाम युद्धाच्या काळात आयोवातल्या शाळकरी मुलांनी शाळेत काळ्या फिती बांधल्या, शाळेने घरी पाठवलं, आणि १९६९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मुलांच्या बाजूने निकाल दिला. आपल्याकडे तो निकाल बंधनकारक नाही. शिवाय एकट्यालाही पोलिसांची वाजवी सूचना पाळावी लागतेच.

व्हॅनमध्ये बसवलं म्हणजे अटक झाली का?

बहुतेक वेळा नाही. पोलीस अधिनियमाचं कलम ६८ म्हणतं की पोलिसांच्या वाजवी सूचना पाळा, कलम ६९ म्हणतं की न पाळणाऱ्याला हटवता येईल आणि किरकोळ बाब असेल तर प्रसंग सरल्यावर सोडून देता येईल. दुपारी उचललं, ठाण्यात नावं लिहून घेतली, चहा पाजून संध्याकाळी सोडलं, हा प्रकार त्यातला. याला ‘ताब्यात घेणं’ म्हणतात. पण रात्र झाली, जाऊ देत नाहीत आणि कारणही सांगत नाहीत, तर नाव काहीही द्या, ती अटकच. मग अटकेचे सगळे नियम लागू होतात.

त्यातला सगळ्यात ताजा नियम मुंबईतूनच आला, आणि त्याचा निदर्शनांशी काडीचाही संबंध नव्हता. वरळीच्या गाजलेल्या हिट अँड रन प्रकरणातल्या आरोपीच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये ठरवलं की गुन्हा कोणताही असो, अटकेची कारणं लेखी आणि आरोपीला समजेल अशा भाषेत द्यावी लागतील. लगेच देणं शक्य नसेल तर न्यायदंडाधिकाऱ्यापुढे नेण्याच्या निदान दोन तास आधी तरी. श्रीमंताघरच्या मुलाच्या वकिलांनी मिळवलेला हा हक्क आता मैदानातल्या निदर्शकालाही मिळतो. कायद्यात हे नेहमीचं आहे.

बाकी नियम जुने आहेत. चोवीस तासांच्या आत न्यायदंडाधिकारी. घरच्या माणसाला खबर. वकिलाला भेटू देणं. सूर्यास्तानंतर महिलेला अटक नाही. अपवाद असेल तर महिला अधिकाऱ्याचा लेखी अहवाल आणि दंडाधिकाऱ्याची आधी घेतलेली परवानगी. गुन्ह्याची शिक्षा सात वर्षांपर्यंतची असेल तर अटकेची गरज काय हे पोलिसांना लिहावं लागतं, नाहीतर हजर राहण्याची नोटीस देऊन सोडायचं. शांतता चळवळीत पांढरे केस पुष्कळ असतात, म्हणून हेही सांगतो: तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात साठीपुढच्या माणसाला उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय अटक करता येत नाही. वकील परवडत नसेल तर कोठडीतल्या कुणालाही, आणि महिलांना कोठडीत नसल्या तरी, मोफत विधी सेवा मिळते. हेल्पलाइन १५१००.

बेकायदा जमाव आणि आदेशभंग, दोन्ही जामीनपात्र. म्हणजे जामीन हा हक्क आहे, मेहरबानी नाही. सगळं बिघडतं ते एका धक्क्याने. व्हॅनमध्ये चढवताना झटापट झाली आणि शिपायाला लागलं, की सरकारी कामात हल्ल्याचं न्याय संहितेचं कलम १३२ येतं, लोक अजून त्याला ‘३५३’ म्हणतात, आणि ते अजामीनपात्र आहे. किल्ला कोर्टात निदर्शकांसाठी उभं राहणाऱ्या कुठल्याही वकिलाला विचारा, तो आधी व्हिडिओ मागेल. मोबाइलवर एकाने तरी सुरुवातीपासून शेवटपर्यंत चित्रीकरण करावं आणि तो माणूस घोषणा देणाऱ्यांत नसावा.

आणि युद्ध आपल्याच देशाचं असेल तर?

हा खरा अवघड प्रश्न. सीमेवर सैनिक लढत असताना ‘युद्ध थांबवा’ म्हणणं अनेकांना घाव वाटतो, आणि त्या भावनेची टर उडवण्यात अर्थ नाही. कायदा मात्र भावना दुखावली का, एवढ्यावर थांबत नाही. हिंसेला किंवा फुटीरतेला चिथावणी आहे का, हे तो विचारतो.

राजद्रोहाचं जुनं कलम १२४-अ सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये थांबवून ठेवलं. नव्या न्याय संहितेत कलम १५२ आलं: सार्वभौमता, एकता धोक्यात आणणारं कृत्य, शिक्षा जन्मठेपेपर्यंत. शब्द इतके पसरट आहेत की पोलिसांचा हात तिकडे सहज जातो.

मे २०२५ मध्ये पुण्यातल्या १९ वर्षांच्या एका विद्यार्थिनीने ऑपरेशन सिंदूरबद्दल समाजमाध्यमावर पोस्ट टाकली, काढून टाकली, माफीही मागितली. तरी अटक झाली आणि कॉलेजने नाव काढलं. मुंबई उच्च न्यायालयाच्या सुट्टीतल्या खंडपीठाने २७ मे रोजी सरकारला खडसावून तिला सोडायला लावलं, परीक्षेला बसू दिलं. निकाल चांगला, पण तो येईपर्यंत मुलगी कोठडीत होती. कोर्ट शेवटी सोडवतं, मधले दिवस मात्र कुणी परत देत नाही. म्हणून हा भाग मी गोड करून सांगणार नाही.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका प्राध्यापकाच्या व्हॉट्सॲप स्टेटसवरून हातकणंगले पोलिसांत गुन्हा दाखल झाला होता. त्यात कलम ३७० हटवण्यावर टीका होती आणि पाकिस्तानला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो गुन्हा रद्द केला आणि चाळीसच्या दशकातला नागपूर उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांचा निकष पुन्हा वापरला: शब्दांचा परिणाम मोजायचा तो समंजस, खंबीर मनाच्या माणसांवर, प्रत्येक विरोधात धोका दिसणाऱ्या डळमळीत मनांवर नव्हे.

मुद्दाम कायदा मोडणाऱ्याचा बचाव होतो का?

१७ ऑक्टोबर १९४० रोजी पवनारला विनोबा भावे पहिले वैयक्तिक सत्याग्रही म्हणून बोलायला उभे राहिले. म्हणणं एवढंच होतं की ब्रिटिशांच्या या युद्धाला, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाला, माणसं किंवा पैसे देऊन मदत करू नका. चार दिवसांनी अटक, तीन महिने शिक्षा. त्यांच्या मागोमाग जवाहरलाल नेहरूंना भाषणांबद्दल चार वर्षं ठोठावली. या सत्याग्रहात जागा आणि दिवस सरकारला आधी कळवला जाई आणि कोर्टात सुटकेसाठी धडपड नसे. शिक्षा भोगणं हाच त्यातला युक्तिवाद होता.

आजचा निदर्शक कधी कधी दोन्ही मागतो: कायदाही मोडायचा आणि सुटायचंही. ब्रिटनमध्ये असं घडलं आहे. १९९६ मध्ये तीन महिलांनी इंडोनेशियाला जाणारं हॉक लढाऊ विमान हातोड्यांनी फोडलं आणि इंडोनेशियाच्या ताब्यातल्या पूर्व तिमोरमधल्या हत्या रोखायच्या होत्या असं सांगितलं. लिव्हरपूलच्या ज्युरीने त्यांना आणि कटात सामील असलेल्या चौथ्या महिलेला निर्दोष सोडलं. पण २००६ मध्ये तिथल्या हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठाने, ठरवलं की आक्रमक युद्ध आंतरराष्ट्रीय गुन्हा असलं तरी ते देशांतर्गत कायद्यातला गुन्हा नाही, त्यामुळे ते रोखण्याच्या नावाखाली मालमत्ता तोडता येणार नाही.

आपल्याकडे ज्युरीच उरलेली नाही. नानावटी खटल्यातल्या ज्युरीच्या आठवणी मुंबई अजून चघळते, पण आज निकाल देतो न्यायाधीश, कायद्याच्या चौकटीत. मोठी हानी टाळण्यासाठी छोटी हानी केली, असा बचाव न्याय संहितेच्या कलम १९ मध्ये आहे. दूरदेशीच्या युद्धासाठी इथलं कुंपण तोडणाऱ्याला तो मिळेल, यावर मी तरी पैज लावणार नाही. सार्वजनिक मालमत्तेच्या नुकसानीचा १९८४ चा कायदा तर वेगळाच, पाच वर्षांपर्यंत शिक्षेचा. विनोबांच्या वाटेने जायचं तर शिक्षेची तयारी ठेवून जावं. कायद्याने बचाव हवा असेल तर कायद्याच्या आत राहावं. पहिल्या रांगेतल्या पोरांना हे दोन रस्ते आधी कुणीतरी समजावून सांगितले पाहिजेत.

पासपोर्ट, नोकरी आणि मागे राहिलेली केस

आईवडिलांची भीती हीच असते. पासपोर्ट कायद्याच्या कलम ६(२)(च) नुसार नकाराचं कारण आहे ‘फौजदारी न्यायालयापुढे प्रलंबित कार्यवाही’. नुसता एफआयआर म्हणजे ती नव्हे. कोर्टाने दखल घेतल्यावर ती सुरू होते. त्यानंतरही त्याच कोर्टाच्या परवानगीने पासपोर्ट मिळू शकतो. माहिती लपवली मात्र की तो स्वतंत्र गुन्हा.

दुसरा सापळा जास्त वाईट. तारखेला कोणीतरी सल्ला देतं, “गुन्हा कबूल करा, थोडा दंड भरा, मोकळे व्हा.” मोकळं व्हायला होतं खरं, पण दोषी म्हणून नोंद राहते आणि सरकारी नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत ती बाहेर येते. ज्या प्रकरणात कलम २१५ ची लेखी तक्रारच नाही, तिथे कबुली देणं म्हणजे जिंकलेला डाव सोडणं. आधी आरोपपत्राची प्रत मागावी, तक्रार कुणाच्या सहीची आहे ते बघावं.

राज्य सरकार अधूनमधून राजकीय-सामाजिक आंदोलनांतले खटले मागे घेण्याचे निर्णय काढतं. जीवितहानी झालेली नसावी आणि मालमत्तेचं नुकसान मर्यादेत असावं, अशा अटी असतात. समिती शिफारस करते, सरकारी वकील नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६० खाली अर्ज करतो आणि कोर्टाची संमती लागते. आपोआप काही होत नाही, पाठपुरावा आरोपीलाच करावा लागतो. आणि त्या दिवशी फोटोसाठी पहिल्या रांगेत एखादे आमदार उभे असतील व तेही सहआरोपी असतील, तर २०२१ पासून आजी-माजी आमदार-खासदारांवरचे खटले मागे घ्यायला उच्च न्यायालयाचीही परवानगी लागते. त्यांची फाइल अडकली की त्याच आरोपपत्रातल्या बाकीच्यांचीही अडकू शकते.